प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर नेमकं करतो काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : "आमच्या गावच्या पीएचसीतले डॉक्टर गोळ्या देतात, नाहीतर 'पुढं न्या' म्हणून चिठ्ठी हातात ठेवतात. मग हा खर्च कशाला? त्यापेक्षा प्रत्येक जिल्ह्यात एक-दोन मोठी हॉस्पिटलं का काढत नाहीत?"

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात, म्हणजे पीएचसीत, वैद्यकीय अधिकारी आहे. अकरावं वर्ष चालू आहे. तुमचा प्रश्न वाचून राग आला नाही. माझ्या सख्ख्या मामांनी पहिल्याच वर्षी हेच विचारलं होतं, आणि तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. आता देऊन बघते.

आधी त्या चिठ्ठीबद्दल. मागच्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला एका शेतकऱ्याला मोटारसायकलवर मधे बसवून आणलं. गोठ्यात वैरण टाकायला गेले आणि पायाला काहीतरी चावलं. साप कुणी पाहिला नव्हता. लाईट गेलेली. अशा वेळी एक साधी तपासणी करतात. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं. नळी काचेचीच लागते आणि ती साबणाच्या पावडरीनं धुतलेली चालत नाही, नाहीतर चांगलं रक्तही गोठत नाही आणि आपण फसतो. म्हणून आमच्या सिस्टरनी अशा कोऱ्या नळ्या एका डब्यात वेगळ्या ठेवल्यात. वीस मिनिटांनी मोबाईलच्या उजेडात नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. म्हणजे घोणस किंवा फुरसं. विष रक्तात पसरलेलं होतं.

सर्पदंशाच्या लसीच्या दहा व्हायल लावायच्या होत्या. ती पावडर असते, प्रत्येक व्हायल हलक्या हातानं फिरवत विरघळवावी लागते, जोरात हलवली की फेस होतो. सिस्टर, मी आणि ड्रायव्हर तिघं मिळून विरघळवत बसलो. लसीची रिॲक्शन येऊ शकते, म्हणून ॲड्रेनलिन भरलेली सिरिंज उशाला तयार. लस जाऊ लागली, रिॲक्शन आली नाही, तेव्हा 108 च्या रुग्णवाहिकेतून त्यांना अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला पाठवलं. कितीला चावलं, कितीला तपासणी केली, किती व्हायल गेल्या, बीपी किती, सगळं चिठ्ठीत होतं. घरच्यांच्या हातात पडला तो एक कागद. गावात सांगताना ते म्हणाले, "पीएचसीत नेलं, त्यांनी पुढं पाठवलं." त्यांचं काही चुकलं नाही. पण आमच्याकडे न थांबता ते सरळ अंबाजोगाईला निघाले असते, तर वाटेतला दीड तास लसीविना गेला असता. आणि आणखी एक गोष्ट. पूर्वी आमच्याकडे साप चावला की आधी मारुतीच्या देवळात नेऊन ठेवायचे. या माणसाला तिथं नेलं नाही, कारण त्यांच्या गल्लीतली आशाताई, म्हणजे गावातलीच आरोग्य कार्यकर्ती, चार वर्षं प्रत्येक बैठकीत हेच एक सांगत आली होती. तिचं नाव कुठल्याच चिठ्ठीत येत नाही.

आता हे केंद्र कुणासाठी असतं ते सांगते. नियमानं सपाट भागात 30,000 आणि डोंगरी-आदिवासी भागात 20,000 लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. त्याखाली 5,000 किंवा 3,000 लोकांमागं एक उपकेंद्र. साधारण हजार लोकांमागं एक आशा. ही कल्पना देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीच्या 1946 च्या अहवालातून आली. 1978 साली कझाकस्तानातल्या अल्मा-आटाला जगभरातले देश जमले आणि 'सर्वांसाठी आरोग्य' याचा पाया प्राथमिक सेवा हाच असेल असं ठरलं, त्याच्या बत्तीस वर्षं आधी आपल्याकडे हे कागदावर आलेलं होतं. मला यात महत्त्वाचा वाटतो तो लोकसंख्येचा आकडा. मोठ्या हॉस्पिटलचा डॉक्टर त्याच्या दारात आलेल्या पेशंटला बांधील असतो. मी तीस हजार माणसांना बांधील आहे, आणि त्यातली बहुतेक आज माझ्या दारात आलेली नाहीत.

ओपीडीला रोज ऐंशी-शंभर माणसं येतात. सर्दी, ताप, खोकला, खरूज, "हातपाय गळून गेल्यागत झालंय", "डोकं दुखायलंय". ते बघण्यात सकाळ जाते आणि त्यात फार सांगण्यासारखं नाही. सुई मागणाऱ्याला सुई का नको हे समजावण्यात जास्त वेळ जातो. पुढच्या गावात एक जण शंभर रुपयांत सलाईन लावतो, त्यामुळं गोळ्या देणारी डॉक्टर लोकांना कमी वाटते. हे मी मान्य केलंय. पाचव्या-सहाव्या वर्षापासून लोक माझ्याकडे सुई न मागता यायला लागले. तेवढा वेळ लागतो.

माझ्या भागाची खरी गोष्ट पिशवीची, म्हणजे गर्भाशयाची आहे. आमच्याकडून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, मार्च-एप्रिलला परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि एक दिवस काम बुडालं तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. पाळीत अंग मोडून येतं तरी बाई उसाच्या फडात असते. फडात संडास नाही, धुवायला पाणी नाही, कापड बदलायला आडोसा नाही. त्यातून अंगावरून पांढरं जायला लागतं, कंबर दुखते, ओटीपोट दुखतं.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक बाई आली होती. वय अठ्ठावीस, लेकरं तीन. पदराच्या गाठीतून घडी घातलेला सोनोग्राफीचा रिपोर्ट काढून टेबलावर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, पिशवी काढायची म्हणलेत. नाही काढली तर कॅन्सर होतो म्हणलेत. पैशाचं जुळायलंय, पण म्हणलं एकदा तुम्हाला विचारावं." रिपोर्टात काळजीचं काही नव्हतं. मी तिला आत घेऊन तपासलं. साधा जंतुसंसर्ग होता. त्यासाठी सरकारी पुरवठ्यात हिरव्या रंगाचं किट येतं, एकाच वेळी घ्यायच्या गोळ्या असतात. मी ते दिलं, नवऱ्यालाही बोलावून घेतलं, गर्भाशयाच्या मुखाची तपासणीही केली. पंधरा दिवसांनी ती परत आली तेव्हा पांढरं थांबलं होतं. कंबर मात्र दुखतच होती. मोळ्या उचलणाऱ्या बाईची कंबर माझ्या गोळीनं थांबत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

तिची पिशवी राहिली. पण तिच्याच तांड्यावरच्या तिच्या दोन जावांची आधीच गेली होती. तिशीच्या आत पिशवी काढलेल्या बायांना पुढं अंगातून वाफा येणं, हाडं दुखणं, झोप न लागणं हे सगळं लवकर सुरू होतं, आणि ते घेऊन त्या परत माझ्याकडेच येतात. 2019 साली हा विषय विधिमंडळात गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, राज्यभर चर्चा झाली. त्या चर्चेत मुकादम आला, खाडा आला, नफेखोरी आली आणि ते सगळं खरंच होतं. मला त्यात अजून एक गोष्ट दिसत होती. त्या जावांपाशी पहिल्या वेळी पांढरं गेलं तेव्हा विचारायला कुणी असतं, जिच्यापुढं लाज वाटणार नाही आणि जी पैसे मागणार नाही अशी कुणी डॉक्टर किंवा नर्स, तर विषय हिरव्या किटावर संपला असता. तुम्ही विचारलंत, मोठी हॉस्पिटलं का काढत नाहीत. या बायांना मोठं हॉस्पिटल सापडलं होतं. मधलं माणूस सापडलं नव्हतं.

म्हणून आता आम्ही टोळ्या निघायच्या आधी तांड्या-वाड्यांवर जातो. कुठली बाई कितवा महिना घेऊन चालली, कुठल्या कारखान्याला, मुकादमाचा नंबर काय, कुणाच्या टीबीच्या गोळ्या चालू आहेत, कुठल्या लेकराचा कुठला डोस तिकडे पडणार, हे एका रजिस्टरात लिहून घेतो. दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यातल्या एका मुलीचं हिमोग्लोबिन 6.4 निघालं. सातच्या खाली म्हणजे बाळंतपणात थोडा जरी रक्तस्राव झाला तरी जिवाशी खेळ. गाडी दुसऱ्या दिवशी निघणार होती. मी मुकादमाला फोन केला. तो आधी भडकला, मग त्याच्याच आईचं नाव आमच्या बीपीच्या यादीत आहे म्हटल्यावर थोडा नरम आला, चार दिवस थांबला. उपजिल्हा रुग्णालयात तिला रक्त चढवलं. ती ज्या कारखान्यावर गेली तिथल्या केंद्रातल्या डॉक्टरला मी फोन करून नाव दिलं. एप्रिलमध्ये ती बाळाला घेऊन डोस द्यायला आली. सगळ्यांचं असं होत नाही. रजिस्टरात दरवर्षी काही नावांपुढची जागा कोरी राहते, फोन लागत नाहीत, आणि मार्चनंतरच कळतं.

पाण्याचंही काम आमच्याकडे असतं, हे शहरात बहुतेकांना माहीत नसतं. गावच्या विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर पडते का, नळाच्या पाण्यात क्लोरीन उतरतो का, हे आमचे आरोग्यसेवक ओटी चाचणीनं बघतात. नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे. वर्षातून दोनदा गावातल्या पाण्याच्या जागांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला धोक्याप्रमाणे लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते 2016 चं वर्ष. मी तेव्हा नवीन होते. आमच्याकडे टँकर यायचा आणि एका कोरड्या विहिरीत ओतला जायचा, तिथून बाया शेंदून न्यायच्या. एका सकाळी आशाताईचा फोन आला, "मॅडम, एकाच गल्लीत आठ जणांना हगवण लागलीय." आठ जण आठ वेगवेगळ्या दवाखान्यांत गेले असते तर ते आठ वेगळे पेशंट राहिले असते. एका गल्लीचे आठ म्हटल्यावर आम्ही पावडर घेऊन विहिरीवर गेलो. टँकर भरतानाच क्लोरीन टाकायला लावला, घरोघरी ओआरएस दिलं. ते तिथंच आटोपलं. जे घडलंच नाही त्याची बातमी होत नाही, हिशेबातही ते धरलं जात नाही, आणि आमच्या कामाचा मोठा भाग हाच आहे.

आता अडचणी, आणि त्यातली मला सर्वांत लागलेली आधी.

एक गृहस्थ होते, सेहेचाळीस वर्षांचे, ट्रॅक्टर चालवायचे. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासतो त्यात सापडले. बीपी 170/110, त्रास काहीच नाही. त्रास नसलेल्या माणसाला रोज गोळी घ्यायला लावणं हे आमच्या धंद्यातलं सर्वांत अवघड काम. तीन वेळा समजावल्यावर तयार झाले. ॲम्लोडिपिन सुरू केली. महिन्याच्या गोळ्या घेऊन जायचे, दोन महिने न चुकता आले, बीपी 140 च्या आत आलं. तिसऱ्या महिन्यात आमच्याकडचा साठा संपला. मागणी मी वेळेत पाठवली होती, वरून पुरवठा आला नाही. "आठ दिवसांनी या," सांगितलं. ते आठ दिवसांनी आले, तेव्हाही नव्हत्या. मेडिकलमधून घ्या म्हणून लिहून दिलं. मग ते आले नाहीत. सुगीचे दिवस होते, आम्हीही पाठपुरावा केला नाही. दिवाळीनंतर त्यांच्या पोरानं खांद्याला धरून आत आणलं. उजवी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं, डोळ्यातून पाणी येत होतं, बोलता येत नव्हतं.

ती अगदी स्वस्त गोळी आहे. लकव्यानंतर त्या घरानं दोन एकरांतलं एक एकर विकलं. पुरवठा कुणामुळं थांबला यावर मी बोलणार नाही, पण फोन करायचं काम माझं होतं आणि मी केला नाही, हे मला त्या घरावरून जाताना दर वेळी आठवतं. त्यानंतर दोन गोष्टी केल्या. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून बीपी-शुगरच्या गोळ्यांचा एक महिन्याचा साठा वेगळा ठेवते, आणि महिना उलटून पाच दिवस झाले तरी न आलेल्यांची यादी दर सोमवारी आशांना जाते.

ती यादी करायला वेळ लागतो, आणि वेळ जातो कुठं ते बघा. गरोदर मातांचं एक पोर्टल, टीबीचं निक्षय, लसीकरणाचं यूविन, बीपी-शुगरचं वेगळं, साथरोगांचं वेगळं, महिन्याचा अहवाल वेगळा. एकाच बाईचं नाव मी चार ठिकाणी भरते, वहीत पाचव्यांदा. डाटा ऑपरेटर असला तर असतो. रेंज नसली की सिस्टर रात्री घरी जाऊन भरतात. त्यात आठवड्याच्या ऑनलाईन बैठका. माहिती नको असं मी म्हणत नाही, आमची ती रजिस्टरं म्हणजे माहितीच आहे. पण भरलेल्या माहितीतून माझ्याकडे परत काय येतं? "टक्केवारी कमी का?" एवढंच.

दुसरी मोठी अडचण माणसांची. आमच्याकडे दोन डॉक्टरांच्या जागा आहेत. अकरा वर्षांत दुसरी जागा भरलेली होती ती निम्म्याहून कमी काळ. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्ष बंधपत्राची सेवा असते. येतात ती पोरं-पोरी हुशार असतात, काही तर फार मनापासून काम करतात. पण शेजारच्या खोलीत पीजीचा अभ्यास चालू असतो, आणि गावाला त्यांचं नाव पाठ होतं तोवर वर्ष संपतं. मी त्यांना दोष देत नाही. "फक्त एमबीबीएस" हे शब्द लग्नाच्या बैठकीपासून कॉन्फरन्सपर्यंत ऐकायला मिळतात. क्वार्टर गळतं, लेकरांची शाळा तीस किलोमीटरवर. माझा मुलगा आजीकडे राहून शिकतो. आमच्याकडचे बीएएमएस वैद्यकीय अधिकारी वर्षानुवर्षं टिकून राहिले म्हणून कितीतरी केंद्रांचे दरवाजे उघडे आहेत, हे सांगायलाच हवं.

आणि शवविच्छेदन. हेही आमचंच काम. आमच्या भागात शेतकऱ्यानं विष घेतलं किंवा गळफास घेतला की पंचनाम्यानंतर पोलीस मला बोलावतात. दोनदा असं झालंय की टेबलावरचा माणूस माझ्या ओपीडीतला होता. त्यातल्या एकानं महिनाभरापूर्वी "झोप लागंना गेलीय मॅडम" म्हणून सांगितलं होतं. मी विचारलं होतं, "कर्ज किती आहे?" त्यांनी विषय बदलला होता. रांगेत चाळीस माणसं होती.

मोठ्या हॉस्पिटलच्या मी विरोधात नाही. अंबाजोगाई नसतं तर माझी चिठ्ठी कुठं गेली असती? पण ब्रिटनसारखा श्रीमंत देश बघा. 1948 पासून तिथं जवळपास प्रत्येक माणसाचं नाव त्याच्या भागातल्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नोंदलेलं असतं, आणि तातडीचं सोडलं तर तज्ज्ञाकडे बहुधा त्याच्याच चिठ्ठीनं जातात. तिथं त्या चिठ्ठीला कुणी "नुसतं पुढं पाठवलं" म्हणत नाही. लांब कशाला, आमच्या हद्दीला लागून जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून तिथं गावातल्या कमी शिकलेल्या, काही तर अक्षरओळख नसलेल्या बायांना आरोग्याचं काम शिकवलं, आणि ते बघायला जगभरातून लोक आले. आणि डॉ. हिंमतराव बावस्कर. आपल्याच जालना जिल्ह्यातला माणूस. कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करत असताना विंचवानं पोरं मरताना बघितली, उशाशी बसून नोंदी ठेवल्या, पुढं त्यातूनच प्राझोसिन या बीपीच्या गोळीचा उपचार उभा राहिला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आज माझ्या कपाटात विंचवासाठी तीच गोळी आहे. निराश झाले की मी त्या बिरवाडीच्या ओपीडीचा विचार करते.

तुम्ही गाव सांगितलं नाही, पण मराठवाड्यातलंच असावं असं लिहिण्यावरून वाटतं. गावी गेलात तर आई-वडिलांना एकदा केंद्रावर नेऊन बीपी-शुगर तपासून घ्या, 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. गोळ्या नसतील तर तक्रार तोंडी करू नका, लेखी द्या. लेखी तक्रारीची मला मदत होते, ती लावून मी वर पत्र पाठवू शकते. ग्रामसभेत टीसीएलचा विषय काढा. तुमच्या गल्लीच्या आशाताईचा नंबर घरात सगळ्यांकडे असू द्या.

एवढंच लिहिते. परवा दसरा आहे, गाड्या लागायला सुरुवात झालीय. उद्या सकाळी सहाला तांड्यावर जायचंय, सातच्या पुढं माणसं घरी सापडत नाहीत. या वर्षीच्या रजिस्टरात आत्तापर्यंत एकवीस गरोदर बायांची नावं आहेत, त्यातल्या चौघींचं रक्त अजून तपासायचं राहिलंय.